गंगाजीच्या वीस पुरचुंड्या

आंबेखिंड संस्थानचे श्रीमंत विलायतेहून पोकर शिकून आले आणि दर शुक्रवारी दुपारी राजवाड्यात डाव मांडू लागले. त्यांची मर्जी राखायला सरदार मंडळी घरदार डावाला लावत आणि महिन्याभरात कफल्लक होत. श्रीमंतांना वाटे, आपला खेळच तसा आहे.

एकटा घोड्यांचा वैद्य गंगाजी बधेना. आपली सगळी शिल्लक त्याने वीस पुरचुंड्यांत बांधून ठेवली होती. डावाला तो एकच पुरचुंडी आणायचा आणि ती संपली की मुजरा करून उठायचा.

एका शुक्रवारी श्रीमंत चिडले. "भित्रा आहेस. आज एकाच डावाला सगळं लाव, नाहीतर पागेतली नोकरी सोड."

"लावतो, सरकार," गंगाजी म्हणाला. "पण समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावायचं, हा नियम आपणच शिकवलात. माझं सगळं, तर आपलंही सगळं. खजिना, पागा, बत्तीस गावं आणि गादी."

"शुद्धीवर आहेस का? गादीच गेली तर उद्या आम्ही करायचं काय?"

"माझी बायकोही हेच विचारते, सरकार. तिच्या राज्यात माणसं पाचच आहेत, एवढाच फरक."

श्रीमंतांनी पत्ते पिसायला घेतले. मग म्हणाले, "बरं, काढ तुझी पुरचुंडी."

पुढच्या शुक्रवारी उरलेले सरदारही एकेक पुरचुंडी घेऊन आले. चार महिने झाले तरी कोणी कफल्लक होईना, तेव्हा श्रीमंतांना पहिल्यांदा शंका आली की आपल्याला पोकर येत नसावं.