टिटवीचं विरहगीत

फार जुन्या काळी माळावरच्या बाभळीवर पाखरांची सभा भरे. कोणी गायलं की त्या गाण्याला नाव द्यायचा मान भारद्वाजाचा.

एका सकाळी खालच्या गोट्यांमधून टिटवीचा आवाज आला. भारद्वाजानं फांदीवरच डोळे मिटले. "हे विरहगीत. तीच ओळ परत परत येते, ते ध्रुवपद." पाखरं माना डोलवत ऐकत राहिली.

आवाज थांबला तशी साळुंकी खाली उतरली. "टिटवीताई, काय सुंदर विरहगीत गायलात!"

"मी गात नव्हते गं," टिटवी म्हणाली. "मुंगूस अंडी खात होतं. मी तुम्हाला हाका मारत होते."

तेव्हापासून भारद्वाज जमिनीवर उतरून झुडूपन् झुडूप आधी डोळ्यांनी बघतो. मग घुमतो, तेही खालच्या आवाजात.