बैठकीवरचं नाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा डोंगर जरा बुटके होते, एवढंच मला पक्कं ठाऊक आहे.

एका राज्यात एक पाथरवट राहत होता. त्याची आठ वर्षांची लेक तापाने गेली. त्याने संगमरवराची शिळा आणली आणि वर्षभर खपून तिच्यातून लेक कोरली. ओंजळीत पाखरू घेऊन उभी, खाली बघणारी. पाखरू इतकं हुबेहूब, की गावातली मांजरं त्याच्या अंगणात ठाण मांडून बसायची.

राजाच्या कानावर गेलं. त्याने मूर्ती उचलून नेली आणि पाथरवटालाच फर्मावलं, "हिच्या पायाखालच्या बैठकीवर पुढून माझं नाव कोर."

कोरलं. करतो काय?

पुढे सेनापतीने राजाला मारलं. मूर्ती सेनापतीची झाली. पाथरवटाला पुन्हा बोलावणं. "जुनं नाव तासून काढ, माझं घाल. आणि खोल घाल, कुणाला पुसता येऊ नये." सेनापती विषाने गेला. मूर्ती एका व्यापाऱ्याकडे आली. तो म्हणाला, "आणखी खोल."

नाव जितकं खोल, तितका दगड तासावा लागे. बैठक पुढून झिजत आत गेली आणि पोर जराशी पुढे कलली. व्यापारी खूश. "बघा, मला बघून वाकतेय."

खरं सांगायचं तर, मालक बदलला तरच पाथरवटाला लेक दिसायची. एरवी दारात कुणी उभं करत नसे. मोठा माणूस आजारी पडल्याचं कळलं, की हा छिन्नीला धार लावायला बसे.

"लोकांच्या मरणावर टपलाय. शोभतं का?" बायको म्हणायची. तो धार लावत राही.

एके दिवशी व्यापाऱ्याची हवेली जळाली, व्यापाऱ्यासकट. मूर्ती तेवढी राहिली. आता तिला हात लावायला कुणी धजेना. पंचांनी निरोप धाडला, "बाबा, तुझी अवदसा तूच घेऊन जा."

वीस वर्षांनी लेक बैलगाडीतून घरी आली. आईने पदराने तिची काजळी पुसली. कितीतरी दिवसांनी दोघं पोटभर जेवली.

हात धुऊन पाथरवटाने छिन्नी उचलली.

"हे काय आता?"

"त्या मेल्याचं नाव आहे तिच्या पायाखाली."

"असू दे की. मी पुढे फुलं ठेवीन, दिसायचं नाही."

"आणि कुणाची म्हणून कुणी विचारलं तर?"

"आपली म्हणून सांगा. तोंड आहे ना तुम्हाला?"

"तोंडाचं कोण ऐकतं?"

"अहो, पण बैठकीत दगड उरलाय कुठे?"

"मला शिकवतेस? एकच नाव घालतो. शेवटचं."

दगड किती उरलाय, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने व्यापाऱ्याचं नाव तासलं आणि आपलं कोरलं, त्याच्याहून खोल. शेवटच्या अक्षरावर हातोडा पडला आणि पोर बैठकीपासून तुटून पुढे झुकली, बापाकडे. त्याने हात पसरले.

संगमरवर तो. कवेत कसा पेलणार? बापाचे दोन्ही हात कायमचे गेले आणि लेकीच्या चेहऱ्याचे तुकडे आईने पदरात वेचले.

अंगणात बैठक तेवढी राहिली. तिच्यावरचं नाव शाबूत होतं, एका अक्षराचा टवका उडाला नव्हता. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि विचारायचा, "हिच्यावर होतं तरी काय?"

तर मंडळी, ध्यानात असू द्या: आपल्या माणसावर मालकीचं नाव कोरायला गेलं, की माणूस जातं आणि नाव तेवढं उरतं.