किंक्रांतीचा मोगरा

मळाईदेवीच्या टेकडीवर देवळाशेजारी दगडी ओटा आहे. त्यातला मोगरा दरवर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पार बुंध्यापर्यंत छाटतात. तो दिवस किंक्रांतीचा. एरवी त्या दिवशी इथे कुणी शुभ कामाला हात घालत नाही. शिवाय पहिला घाव गावातल्या विधवेनेच घालायचा. असं का, म्हणून पाहुणे विचारतात, तेव्हा सगुणा माळणीची गोष्ट निघते.

सगुणा तरुणपणीच विधवा झाली. ओढ्याचं पाणी डोक्यावरून टेकडी चढवून तिने हा मोगरा जगवला, असं सांगतात. खत तिचं, खुरपणी तिची. फुलं मात्र पुजारी तोडायचा, सवाष्णी गुंफायच्या आणि हिने पायरीखालून हात जोडायचे. देवीच्या झाडाला लोखंड लावायचं नाही असा दंडक होता. झाड नुसतंच माजलं, फुलं कमी होत गेली. त्याचाही दोष सगुणाच्या हातालाच.

एका संक्रांतीला ओट्यापाशी हळदीकुंकू होतं. सगुणा रोजच्यासारखी कळशी घेऊन आली.

"अगं, आज तरी यायचं नव्हतंस. शुभकार्य चाललंय," पाटलीणबाई म्हणाल्या. बायांनी पदर आवरून घेतले.

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं पाणी झाडाला चालतं, त्या झाडाचं फूल देवीला चालतं, मग मधल्या मध्ये आपणच तेवढ्या अशुभ कशा? हे काही केल्या तिला पटेना.

दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन वर गेली आणि तिने मोगरा कापून काढला. गाव धावून आलं. म्हणे, त्या दिवसापासून तिच्याशी कुणी बोललं नाही. माणसांवरचा राग आपण झाडावर काढला, याचं तिला फार वाईट वाटलं. ती मुकाट्याने बुंध्याला पाणी घालत राहिली.

चैत्रात, यात्रेच्या तोंडावर, मोगरा कळ्यांनी लगडला. देवीचा चमत्कार, म्हणत पुजारी परडी घेऊन धावला. ओट्यावर सगुणा बसली होती, मांडीवर कोयता.

"फुलं मी तोडणार. आणि वाहणारही मीच."

फुलांवाचून पालखी खोळंबली. दुपार टळली. शेवटी पुजारी पायरीवरून बाजूला झाला. लाज वाटली म्हणून नव्हे, यात्रा मोडेल म्हणून. सगुणाने गाभाऱ्यात जाऊन देवीला फुलं वाहिली आणि एक फूल स्वतःच्या केसात माळलं. मगच पालखी हलली.

लोक अजून चमत्कारच म्हणतात. मोगरा छाटला की फुटतोच, त्यात देवीला कशाला गोवायचं?

आजही किंक्रांतीला पुजारी कोयता घेऊन विधवेच्या दारी जातो, तिला मानाने वर आणतो. चैत्रातलं पहिलं फूलही तिच्याच केसात. आदल्या दिवशी त्याच ओट्यापाशी हळदीकुंकू असतं. त्याचं बोलावणं मात्र तिला आजही जात नाही.