सोजरचं औषध

“...मग गोळ्यांनी तिला गुण का आला नाही, बुवा?”

विद्याधरनं हा प्रश्न वाद जिंकल्याच्या थाटात टाकला. आयुर्वेदाची पदवी घेऊन तो निरंजनबुवांच्या मठात औषधं शिकायला आला होता. बाईच्या अंगावरून पांढरं जाणं, खाज, घाण वास... या सगळ्यावर कडुनिंबाच्या काढ्यानं धुतलं की दुसरं काही लागत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

तोच पुढे म्हणाला,

“तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या झाल्या, आणि सोजरचं दुखणं पुन्हा उलटलं. आता माझा काढा चालू आहे.”

“काढ्यानं बरी आहे?”

“बंकटराव म्हणतात, फरक आहे.”

“बंकट तिचा नवरा. ती काय म्हणते?”

विद्याधरनं तिला कधी विचारलंच नव्हतं.

मठाचा रिवाजच तसा होता. असलं दुखणं असलेल्या बाईनं पायरी चढायची नाही. नवऱ्यानं वर येऊन तिचं दुखणं सांगायचं आणि बाटली घेऊन जायचं. सोजर आताही खाली फटफटीच्या आडोशाला बसली होती, आणि बंकट शेजारी उभा होता. विद्याधर तिच्यावर उपचार करत होता, पण त्यानं आजवर तिचा फक्त पदर पाहिला होता.

बुवा उठले. पायऱ्या उतरले आणि तिच्यासमोर मातीतच बसले.

“बंकट, विहिरीवरून तांब्याभर पाणी आण बाबा.”

तो गेला.

“काढा कसा वाटतोय, पोरी?”

तिनं विहिरीकडे जाणाऱ्या बंकटकडे एकदा पाहिलं. मग खाली बघतच म्हणाली, “आग होतीय आतून...”

“आणि गोळ्या?”

“त्यांनी बरं वाटलं होतं. पण बाईंनी ह्यांच्यासाठीबी पुडी दिली होती. दोघांनी संगंच घ्या म्हणाल्या. ह्यांनी ती चुलीत टाकली.”

विद्याधर पायरीवर उभा होता. त्यानं ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं, असं त्याला वाटलं.

बंकट पाणी घेऊन आला.

“दोघं मिळून दवाखान्यात जा,” बुवा म्हणाले. “तूही गोळ्या घे.”

“मी? मला काय धाड भरलीय?” त्यानं सोजरकडे पाहिलं. “हिनं काय सांगितलं तुमाला?”

“तिनं नाही, मी सांगतोय. असलं दुखणं दोघांत असतं. दिसतं एकालाच.”

“तुमाला मानतो म्हणून गप हाय, बुवा. बायकांची घाण माझ्या माथी मारू नका.” त्यानं किक मारली. “बस गं मागं.”

“पोरी, एकटी तरी जाशील का दवाखान्यात?”

“एकटीला कुठं सोडत्यात...” ती म्हणाली, आणि पदर सावरून मागं बसली.

विद्याधर काढ्याची बाटली घेऊन धावला. बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

फटफटी उतार उतरून दिसेनाशी झाली.

“गोळी नाही, काढा नाही...” विद्याधरचा आवाज चिरकला. “रिकाम्या हातानं पाठवलीत तिला.”

बुवा अजून रस्त्याकडेच बघत होते.

“रिकामी कुठं गेली ती? दुखणं पुढं बसून गाडी चालवतंय.”