शिळेच्या पायथ्याचा दाणा

एका जंगलाच्या कडेला दगडी प्रार्थनामंदिर होते. त्याच्या घंटेखालच्या खोबणीत एक साळुंकी जन्मली. मुलांनो, त्या काळी जंगलात एक छान रीत होती. रविवारी घंटा झाली की सारे प्राणी ओढ्याकाठच्या सपाट शिळेवर देवासाठी काहीतरी आणून ठेवत. कुणी दाणा, कुणी करवंद. पण कुणाशी भांडण झाले असेल, तर वस्तू शिळेच्या पायथ्याशी ठेवायची, आधी जाऊन समेट करायचा आणि मगच ती वर ठेवायची. पायथ्याच्या वस्तूला कुणी तोंड लावत नसे. एकदा साळुंकीच्या आईचे करवंद दुपारपर्यंत तिथे पडून होते. मग आई आणि तिची रुसलेली शेजारीण दोघी हसत हसत आल्या. ते हसू साळुंकी कधी विसरली नाही.

पुढे ती दूर शहरात गेली आणि धर्मशिक्षणाच्या एका विद्यालयाच्या खिडकीत राहिली. पवित्र शास्त्र ऐकून ऐकून तिला पाठ झाले. एके दिवशी तिने प्रभूची शिकवण ऐकली, की अर्पण वेदीपुढे तसेच ठेव आणि आधी आपल्या भावाशी समेट कर. तिचे डोळे भरून आले. ‘ही तर आमच्या शिळेची रीत!’ असे म्हणत ती थेट घरी उडाली.

घरी आता घंटेऐवजी भोंगा वाजत होता. माणसे मोटारसायकलवर येत आणि इंजिन गार होण्याआधी निघून जात. जंगलही तेच शिकले होते. प्राणी शिळेवर वस्तू टाकत आणि पळत. ससा आणि खार वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, तरी दोघांच्या वस्तू शेजारीशेजारी पडलेल्या असत.

साळुंकी शिळेवर उभी राहून कळवळून म्हणाली, “अरे, आपली रीत विसरलात? आधी समेट करा!”

खार शेपटी उडवत म्हणाली, “साळूताई, शास्त्र तोंडपाठ आहे हो तुमचं! पण पायथ्याशी वस्तू ठेवायची भीती कुणी घातली? शहरात जाण्याआधी पायथ्याशी ठेवलेला तुमचा दाणा कावळ्यानं खाल्ला, तेव्हा ‘दाणाचोर, दाणाचोर’ म्हणून जंगल डोक्यावर कुणी घेतलं? तो बिचारा अजून एकटा बसतो. तुम्ही गेलात का कधी त्याच्याकडे?”

साळुंकी शिळेवरून खाली उतरली. अर्पणासाठी आणलेला दाणा तिने पायथ्याशी ठेवला आणि ती वाळक्या सावरीच्या झाडाकडे उडाली. म्हातारा कावळा तिथे बसला होता.

“दाणाचोराकडे काय काम काढलंस, पोरी?”

‘पण खाल्लात तर तुम्हीच ना?’ हे शब्द तिच्या चोचीत आले होते. ते तिने गिळले.

“काका, ते नाव मी दिलं तुम्हाला. मला क्षमा करा.”

कावळ्याने आपल्या एका पंखाकडे पाहिले. “पंख दुखावला होता त्या दिवशी. पोटात आग पडली होती. चुकलंच माझं. सांगणार होतो, पण नंतर माझं कुणी ऐकलंच नाही.” मग मान तिरकी करून त्याने विचारले, “आजचा दाणा कुठाय?”

“पायथ्याशी.”

“राखण?”

“कुणाचीच नाही.”

“मग काळजी नको. चोर तर इथंच बसलाय!”

कितीतरी वर्षांनी तो हसला.

दोघे परतले, तेव्हा शिळेपाशी कुणी नव्हते. पायथ्याशी साळुंकीचा दाणा तसाच होता. त्याच्याजवळ खारीचे बोर होते, सशाचे कंदमूळ होते, आणखीही चार-पाच वस्तू होत्या. मालक मात्र सारे कुठेतरी गेले होते. लांबून झुडपांतून खारीची बडबड ऐकू येत होती, आणि मधूनच सशाचे हसू.

“काका,” साळुंकी म्हणाली, “माझा दाणा तुम्हीच वर ठेवा.”

कावळ्याने तो अलगद चोचीत धरला आणि शिळेवर ठेवला.

तात्पर्य : देवाचे वचन आधी स्वतःला सांगावे. दुसऱ्याची चूक मोजत न बसता जो आपली चूक घेऊन आधी उठतो, त्याच्या मागून इतरांनाही वाट सापडते.