आधी जून, मग कोवळं

"...मग रोज घरची भाजी खाऊनसुद्धा माझं पोट का फुगतं, अक्का?"

विरूपाक्ष उंबरजेनं हा प्रश्न विचारला नाही. आपटला.

अक्का जोंधळा निवडत होत्या. सोलापुरात पेठेच्या टोकाला आमचा दोन खोल्यांचा मठ आहे, तिथल्या त्या अक्का, आम्हा लिंगायतांच्या गुरू. मी तिथं पाणी भरते, भाकरी थापते. झालं ते माझ्यासमोर झालं.

विरूपाक्षाचं सुतळी-पोत्यांचं दुकान. माणूस कष्टाळू. पण चारचौघांत बसला की दुसऱ्याला बोलू देत नाही.

मागच्या वर्षी तो पोट धरून आला होता. भूक मेली होती. भाकरी समोर आली की तोंड फिरवायचा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. आत काही नाही म्हणाले. ताजी पालेभाजी खा म्हणाले.

तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "डॉक्टर सांगतात ते ऐक. गॅलरीत लाव आणि खा."

त्यानं लावलं. असं लावलं की गल्लीतली माणसं मान वर करून बघतात.

"लावलं की नाही तुम्ही सांगितलं तसं? खातो की नाही रोज? तरी दोन घास खाल्ले की पोट दगड होतं. रात्रभर करपट ढेकर. औषधाची बाटली उशाशीच."

अक्कांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"बोला की काहीतरी, अक्का."

मग त्याचा आवाज खाली आला.

"माझा बाप असाच गेला. आधी त्याची भूक गेली. मग तो गेला."

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"आज तुझ्याकडे जेवते."

विरूपाक्ष फुलला. लगेच उठला. "मंडईतून काय आणू? वांगी आणू? चांगली भरली वांगी..."

"मंडईतलं नको. तुझ्या गॅलरीतलं."

आम्ही गेलो. दुसरा मजला. दारात त्याची बायको सुगलाबाई. "शरणार्थी, अक्का," असा आमच्यातला नमस्कार करून पाया पडली आणि तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं.

गॅलरी म्हणजे काय, एक खाट मावायची नाही. पण तिथं त्यानं तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, दुकानातली फाटकी पोती, सगळं मातीनं भरून ओळीनं लावलेलं. वर हिरवी जाळी, उन्हासाठी. पालक, शेपू, चुका. मेथीचे डबे तर कितीतरी. एकात बोटभर कोवळी. एकात वीतभर. शेवटच्या डब्यात फुलावर आलेली, काड्या वाळलेल्या.

खोटं कशाला बोलू? बघून डोळे निवले.

विरूपाक्ष सांगत सुटला. माती कुठली, खत कसलं, पाणी कधी, ऊन किती. अक्का ऐकत होत्या.

"मला हात लावू देत नाहीत ओ," सुगलाबाई दारातून म्हणाली. "एक काडी मोडली तरी चोरी केल्यासारखं बघतात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"खायचं कळतंय की."

"भूक लागली," अक्का म्हणाल्या.

विरूपाक्षानं कात्री घेतली. कोवळ्या मेथीवरून पुढं गेला. वीतभर मेथीवरूनही पुढं गेला. शेवटच्या डब्याशी वाकला आणि फुलावर आलेली, जून मेथी कापायला लागला. काड्या कापताना कात्री करकर वाजत होती.

मी अक्कांच्या तोंडाकडे बघितलं. काही नाही.

गुरू पहिल्यांदा घरी जेवायला आलेला आणि त्याला हे ताटात! माझ्या घरात कुणी असं केलं असतं तर मी त्याला ताटावरून उठवलं असतं.

सुगलाबाईनं भाजी केली. लसूण घातला, डाळ घातली, शेंगदाण्याचा कूट घातला. बिचारीनं होतं नव्हतं ते घातलं. अक्कांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं, डोळे मिटले, मग पहिला घास घेतला.

चावला. पुन्हा चावला. चावतच राहिल्या.

शेवटी तोंडातून मेथीच्या काडीचा एक दोरा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

समोर विरूपाक्षानंही एक दोरा काढला. त्याला काही वाटलं नाही. सवयीचं होतं.

"कशी झाली भाजी, अक्का?"

"हीच का कापलीस?"

"जून झाली होती की. अजून दोन दिवस राहिली असती तर वाया गेली असती."

"आणि ती कोवळी?"

"ती कुठं पळून जाते? ही संपली की तिची पाळी."

"काल काय खाल्लंस?"

"शेपू."

"कसला?"

त्याच्या आधी सुगलाबाई बोलली. "केरसुणी बांधता आली असती, असला."

"परवा?"

"पालक... तुरा आला होता त्याला. म्हणून आधी तो काढला."

"आणि त्याच्या आधी?"

विरूपाक्षाला राग आला. खरं बोचलं की माणसाला राग येतोच.

"त्यात काय चुकलं, अक्का? आधी जून, मग कोवळं. दुकानात मी जुना माल आधी काढतो. नवा मागं ठेवतो. म्हणून आजपर्यंत माझं एक पोतं सडलं नाही."

"खायला बसलाय की माल काढायला?" सुगलाबाई म्हणाली.

"तू गप्प बस ग."

अक्का उठल्या. हात धुतले. गॅलरीत कापून ठेवलेल्या जून मेथीचा भारा अजून उरला होता. तो त्यांनी उचलला, एका रिकाम्या डब्यात दाबला आणि वर माती लोटायला लागल्या.

विरूपाक्ष खरकट्या हातानं धावला.

"अक्का! अन्न आहे ते! तुम्हीच सांगता प्रसाद म्हणून, आणि वाया घालवता?"

"तुझ्या पोटात घातलं असतं तर?"

"पोटात गेलं म्हणजे कारणी लागलं."

"मग ते फुगतं कशाला, हे विचारायला माझ्याकडे का आलास?"

अक्का माती लोटत राहिल्या.

"ह्या डब्याला काहीही चालतं. जून, सडकं, वाळकं. घालशील ते खाईल. तुझं पोट हा डबा आहे का?"

विरूपाक्ष त्या डब्याकडं बघत राहिला. चारचौघांत दुसऱ्याला बोलू न देणारा माणूस.

अक्कांनी कात्री उचलून त्याच्यापुढं धरली. बोट कोवळ्या मेथीकडं.

"काप."

त्यानं कात्री घेतली. मेथीशी बसला. पण हात पुढं होईना.

"थोडं थांबलो तर दुप्पट होईल, अक्का."

"होईल."

"आज कापली तर डबा बोडका दिसेल."

"दिसेल."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"तुम्हाला खरं सांगू?" तो मान खाली घालून म्हणाला. "खाऊन बरं वाटत नाही. पण सकाळी उठून इथं आलो आणि सगळं हिरवं शिल्लक दिसलं की बरं वाटतं. वाटतं, अजून आपल्याजवळ काहीतरी आहे. अजून आपण जात नाही."

सुगलाबाई काहीतरी बोलायला आली होती. ती तिथंच थांबली.

अक्कांनी त्याला समजावलं नाही. पाठीवरून हात फिरवला नाही. त्या बोट दाखवून उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या.

विरूपाक्षानं कात्री चालवली.

आवाजसुद्धा झाला नाही. एवढी कोवळी.

सुगलाबाईनं मेथी धुतली. शिजवली नाही. आमच्याकडे कोवळी मेथी शिजवत नाहीत. कडक भाकरी, शेंगाचटणी, त्यावर तेल आणि बाजूला कच्ची मेथी. ताट पुन्हा मांडलं.

अक्कांनी खाल्ली. विरूपाक्षानं खाल्ली. पहिला घास घाबरत. दुसरा घास सावकाश. ताटाच्या कडेला ह्या वेळी काही निघालं नाही.

मग विरूपाक्ष स्वयंपाकघराकडं मान वळवून म्हणाला, "भाकरी आहे का अजून?"

सुगलाबाई दारात आली. हातात भाकरी होती, पण पाय पुढं पडेना. वर्षभर ह्या माणसानं भाकरी मागितली नव्हती.

"आहे का नाही?"

"आहे की."

ती रडली वगैरे नाही. भाकरी मोडून ताटात टाकली आणि लगेच आत वळली. आत भांडी जास्त जोरात वाजली, एवढंच.

विरूपाक्षानं अर्धी भाकरी खाल्ली. पाणी प्यायला. पोटावर हात ठेवून बघितला. मग मान उचलून गॅलरीकडं बघितलं. ओळीत तो एक डबा बोडका. काळी माती आणि बुटके देठ.

त्याचा चेहरा पुन्हा उतरला.

"अक्का... आज खाल्ली. उद्या काय?"

अक्का पदराला हात पुसत उठल्या. चपला पायात सरकवल्या.

"उद्याचं कोवळं आज दिसत नसतं, विरूपाक्ष."