मिनू उठेना, मुंगीचं दार उघडेना

एक होती मुंगी. काळी काळी, इवली इवली. तिचं नाव टिमकी.

अंगणात तिचं घर. घराला एक दार. दार केवढं? तिळाएवढं. घरात तिची बाळं. बाळं किती? मोजायला गेलं की हलतात, म्हणून कुणी मोजलीच नाहीत.

एके सकाळी बाळं म्हणाली, "आई, भूक! आई, भूक!"

टिमकी निघाली खाऊ आणायला. तुरुतुरु तुरुतुरु.

रोज अंगणात मिनू खायला बसायची. मिनू सांडायची, टिमकी उचलायची. दोघींचं छान चाललं होतं. पण आज पोळीचा तुकडा नाही. भाताचं शीत नाही. काहीच सांडलेलं नाही! टिमकी हात हलवत परत आली.

येऊन बघते तर काय! दारच नाही!

दार कुठे गेलं? दारावर बसली होती मिनू. धप्प!

मिनू अडीच वर्षांची. गाल गोबरे. चड्डीवर पिवळी बदकं. आज फुगून बसली होती. का? तिचं पोट जड झालं होतं. काल शी झाली नाही. परवा शी झाली नाही. म्हणून मिनू रुसली. कुणावर? सगळ्यांवर.

आई म्हणाली, "मिनू, पाणी पी."

"नको!"

"मिनू, पपई खा. हा घास काऊचा."

"नको!"

"हा घास चिऊचा."

"नको! नको! नको!"

"बरं बाई," आई म्हणाली. पपईची ताटली तिथेच ठेवली आणि गेली कपडे वाळत घालायला.

टिमकी मिनूच्या गुडघ्यावर चढली.

"मिनू, मिनू, ऊठ की गं! तू माझ्या दारावर बसलीस. आत माझी बाळं आहेत. त्यांना भूक लागलीय."

"मी नाही उठणार!" मिनू म्हणाली. "माझं पोट जड आहे. शी आली की उठीन. जा, शीला सांग."

टिमकीनं आधी चावून पाहिलं. हो, पाहिलंच! मोठ्ठा चावा घेतला. पण चड्डी होती जाड. बदकाला काही झालं नाही. टिमकीचाच जबडा दुखला.

मग काय करणार? टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

शी कुठे असते? पोटात, अगदी खाली, शेवटच्या वळणावर. टिमकीनं वाकून हाक मारली.

"शीबाई, शीबाई, ये की गं!
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"मी कशी येऊ?" शी आतून म्हणाली. "मला पाय आहेत का? नाहीत. मला ढकलायला कुणीतरी लागतं. जा, मोठ्या आतड्याला सांग."

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

मोठं आतडं असतं पोटाच्या कडेकडेनं. इकडून वर, मग आडवं, मग तिकडून खाली. टिमकीनं पोटाला कान लावला. आतून आवाज आला, घुर्रर्र... घुर्रर्र... मोठं आतडं चक्क घोरत होतं!

"मोठ्या आतड्या, मोठ्या आतड्या, ढकल की रे!
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"आँ?" मोठ्या आतड्यानं जांभई दिली. "मी नाही ढकलणार. वरून नवं आलं, की जुनं ढकलीन. काल काही आलं का? नाही आलं. जा, लहान आतड्याला सांग." आणि पुन्हा घुर्रर्र...

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

लहान आतडं बेंबीच्या मागे, वेटोळं घालून. टिमकीनं बेंबीत डोकावून पाहिलं. आत अंधार.

"कुणी आहे का?"

"आहे! आहे! आहे!" लांबून लांबून आवाज आला.

"लहान आतड्या, लहान आतड्या, पीळ की रे!
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"आधी मला लहान म्हणणं बंद कर!" लहान आतडं फणकारलं. "मी त्या मोठ्याच्या चौपट लांब आहे. अंगानं बारीक आहे, एवढंच. पण नाव पडलं ते पडलं. सांगणार कुणाला?"

"मला सांगितलंस की," टिमकी म्हणाली. "आता पीळ."

"काय पिळू? अन्न आलं की पिळीन. चांगलं ते मिनूला देईन, उरलं ते मोठ्याला देईन. पण अन्न कुठाय? जा, पोटाच्या पिशवीला सांग."

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पोटाची पिशवी बेंबीच्या वर, जरा डावीकडे, बरगड्यांच्या खाली. फ्रॉकचं एक बटण चढली, दुसरं बटण चढली, पोचली. पिशवी भांडायच्या तयारीतच होती. गुडगुड! गुडगुड!

"पिशवीमावशी, पिशवीमावशी, घुसळ की गं!
लहान आतडं पिळेना,
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"काय घुसळू? वारा घुसळू?" पिशवी म्हणाली. "माझ्याकडे आंबट रस आहे. घुसळायला अंगात जोर आहे. पण आत एक दाणा नाही. कालपासून रिकामी बसलेय मी! जा, अन्ननळीला सांग."

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

अन्ननळी घशापासून निघते, छातीतून उतरते, थेट पिशवीत. टिमकी मानेपर्यंत चढली. मिनूला गुदगुल्या झाल्या. हसू आलं. पण रुसलेल्या माणसानं हसायचं नसतं ना! मिनूनं ओठ घट्ट मिटले.

"नळीताई, नळीताई, गीळ की गं!
पिशवी घुसळेना,
लहान आतडं पिळेना,
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"अगं, मी म्हणजे घसरगुंडी," नळी म्हणाली. "वरून कुणी आलं, की हळूच दाबत दाबत खाली पोचवीन. कुणी आलंच नाही तर काय गिळू? जा, जिभेला सांग."

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

जीभ तोंडात. तोंड बंद. आता आली का पंचाईत! टिमकी ओठावर बसून राहिली. तेवढ्यात आईनं दोरीवरच्या चादरीमागून विचारलं, "मिनू, खाल्लीस का पपई?"

मिनूनं आईला जीभ काढून दाखवली. वॅऽऽऽ!

टिमकी काय संधी सोडते?

"जीभबाई, जीभबाई, वळ की गं!
नळी गिळेना,
पिशवी घुसळेना,
लहान आतडं पिळेना,
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"मी नाही वळणार," जीभ म्हणाली. "चावलेलं दे. मी त्याला इकडे वळवीन, तिकडे वळवीन, ओला मऊ गोळा करीन. न चावलेलं मी घेत नाही. जा, दातांना सांग." आणि सुळकन आत गेली.

टिमकी निघाली. तुरुतुरु... नाही, फार चालावं लागलं नाही. दात तिथेच होते. सोळा दात. वर आठ, खाली आठ.

"दातदादांनो, दातदादांनो, चावा की रे!
जीभ वळेना,
नळी गिळेना,
पिशवी घुसळेना,
लहान आतडं पिळेना,
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"आम्ही काय हवा चावू?" सोळाच्या सोळा एकदम बोलले. "पुढचे तोडतील, मागचे दळतील. पण घास कुठाय? जा, हाताला सांग."

टिमकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खांद्यावरून खाली, कोपरावरून खाली. हात काखेत लपून बसला होता.

"हातोबा, हातोबा, हल की रे!
दात चावेनात,
जीभ वळेना,
नळी गिळेना,
पिशवी घुसळेना,
लहान आतडं पिळेना,
मोठं आतडं ढकलेना,
शी येईना,
मिनू उठेना,
माझं दार उघडेना!"

"मी नाही हलणार," हात म्हणाला. "मिनू रुसलीय. रुसलेल्या माणसाचा हात हलत नाही. जा, मिनूला सांग."

मिनूला? पुन्हा मिनूला?

टिमकी मिनूपासून निघाली होती. एवढी चढली, एवढी उतरली आणि पोचली कुठे? मिनूपाशीच!

आता मात्र टिमकीला रडू आलं. दारापलीकडे बाळं असतील. अंधारात बसली असतील. आई, भूक, म्हणत असतील.

टिमकीनं एक हुंदका दिला. दुसरा देणार, तेवढ्यात वास आला. गोड गोड वास. समोर ताटली. ताटलीत पपई. केशरी, रसाळ, गुळगुळीत.

टिमकीनं पपईकडे पाहिलं. मिनूकडे पाहिलं. हळूच हसली. तुरुतुरु ताटलीत गेली, सगळ्यात मोठ्या फोडीवर चढली आणि मोठ्यानं म्हणाली,

"कुणालाच नको का पपई? बरं झालं! सगळी मीच खाते. हा घास मुंगीचा! हाही घास मुंगीचा! हाही मुंगीचाच!"

मिनूनं एक डोळा फिरवला. मग दोन्ही डोळे फिरवले.

"ए! माझी पपई!"

आणि हात हलला. झप्प!

टिमकीनं टुणकन उडी मारली, म्हणून वाचली. फोड गेली तोंडात.

दात चावू लागले. मचमच मचमच!
जीभ वळू लागली. लपलप लपलप!
नळी गिळू लागली. गट्टक! गट्टक!

एक फोड, दोन फोडी, तीन फोडी. आई पाण्याचा पेला घेऊन धावत आली. मिनू पाणी प्यायली. गटगट गटगट!

पिशवी घुसळू लागली. घुसळुक घुसळुक!

पिशवीला घाई नसते. टिमकी थांबली. आईचे सगळे कपडे वाळत घालून झाले. टिमकी अजून थांबली. आईनं भाजी निवडली. टिमकी अजून थोडी थांबली.

लहान आतडं पिळू लागलं. पिळुक पिळुक! चांगलं ते मिनूला दिलं, उरलं ते मोठ्याला देऊ लागलं.

मोठं आतडं खडबडून जागं झालं. "आलं वाटतं नवं! चला, जुनं ढकला! हुश्श्या! हुश्श्या!"

टिमकी म्हणाली, "आता मिनू उठेल. आपण दाराशी आधीच उभं राहू." आणि मिनूच्या मागे जाऊन उभी राहिली. अगदी मागे.

तिथे उभं राहायला नको होतं.

पुर्रर्रर्र!

टिमकी उडाली! एक कोलांटी, दोन कोलांट्या, तीन कोलांट्या! जाऊन पडली कुंडीत.

"अगं बाई! वादळ आलं की काय?"

वादळ नव्हतं. काय होतं, सांगा बघू!

"आले! आले! आले!" शी म्हणाली.

"आई! शी!" मिनू म्हणाली.

मिनू उठली! आईनं तिला उचललं आणि धूम पळाली. धाड! संडासाचं दार बंद झालं.

टिमकी कुंडीतून उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. दार होतं तिथेच होतं. थोडी माती पडली होती. एक कण उचलला, दुसरा कण उचलला, दार उघडलं! आत सगळी बाळं होती. एकही कमी नाही.

"आई, भूक!" बाळं म्हणाली.

टिमकीनं एवढं सगळं केलं, पण खाऊ कुठे आणला होता?

तेवढ्यात जमीन हलली. टुणुक! टुणुक! टुणुक! मिनू उड्या मारत येत होती. पोट हलकं. हात धुतलेले. रुसवा पळालेला.

ताटलीत एकच फोड उरली होती.

"हा घास काऊचा?" आईनं विचारलं.

"नाही!"

"चिऊचा?"

"नाही!"

"मग कुणाचा गं?"

मिनू खाली बसली. दारावर नाही हं, बाजूला. फोडीचा इवलासा तुकडा मोडला. तिळाएवढ्या दाराशी अलगद ठेवला.

"मुंगीचा!"

आतून बाळं धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

त्या दिवसापासून मिनूच्या घरी तीन घास असतात. एक काऊचा, एक चिऊचा, एक मुंगीचा. आणि मिनू खाली बसायच्या आधी वाकून बघते, कुणाचं दार तर नाही ना.

मिनूचं पोट हलकं झालं. बाळांचं पोट भरलं. मुंगीचं दार उघडलं आणि आपलं पुस्तक मिटलं.